‘त्रिंकोमाली’ बांधायला घेण्याआधी

जुन्या जहाजाचं लाकडी मॉडेल करायचं असेल तर लाकडाला करवत लावण्याआधी महिनाभर नुसतं कागदात डोकं घाला, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कुणी ऐकत नाही. पहिल्या खेपेला मीही ऐकलं नव्हतं.

मॉडेलसाठी मी निवडली ती ‘त्रिंकोमाली’. ब्रिटिश आरमाराची ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचं शिडांचं लढाऊ जहाज, जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे इंग्लंडहून मुंबईला निघालेले आराखडे ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि जहाज जाळलं. आराखडेही गेले. नवे येऊन काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. तेव्हा तुमच्या आराखड्याची फाइल निदान दोन ठिकाणी ठेवा.

आधी ठरवायचं ते जहाजाचं साल. १८४० च्या दशकात ‘त्रिंकोमाली’च्या तोफा कमी केल्या आणि मागच्या बाजूची घडणही बदलली. त्यामुळे आजच्या जहाजाचे फोटो आणि मूळ आराखडा शेजारी ठेवले तर ते जुळत नाहीत. मी १८१७ धरलं. फोटो वापरायचे ते दोर कसे बांधलेत, पुली कुठे लटकतात, एवढ्यापुरतेच.

मग घरातली जागा मोजा. तोफांच्या डेकवर या जहाजाची लांबी सुमारे १५० फूट. १:६४ ला, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाला, नुसता सांगाडा ७१ सेंटीमीटर होतो, पुढचा लांब सोट धरून मीटरभर. काचेची पेटी कुठल्या कपाटावर बसणार आणि दारातून आत कशी येणार, हे आजच बघा. वन बीएचकेत राहत असाल तर १:९६ घ्या आणि बारीक कामाची तयारी ठेवा.

आता खरी मेख. ब्रिटिश आरमाराचे जुने आराखडे बहुधा १:४८ ला असतात. १:६४ साठी ते बरोबर ७५ टक्क्यांवर छापायचे. प्लॉटरवाल्याला, म्हणजे मोठे नकाशे छापून देणाऱ्याला, ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, आणि त्याने ‘केलंय हो’ म्हटलं तरी दुकानातच पट्टी लावा. आराखड्यावरच्या मापरेषेतले शंभर फूट कागदावर ४७६ मिलिमीटर भरले पाहिजेत. माझे ४६२ भरले होते, आणि ते मला कळलं सांगाड्याला आकार देणाऱ्या सात आडव्या बरगड्या कापून झाल्यावर. डेकचा कागद दुसऱ्या दुकानातून छापला होता, तो बरोबर होता. डेक सांगाड्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. बायको म्हणाली, ‘छज्जा छान दिसतोय.’ तेव्हापासून सगळे कागद एकाच दुकानातून, एकाच दिवशी.

कागद हाती आला की आडव्या छेदांचं चित्र शोधा. त्यात उजव्या अर्ध्यात पुढच्या बरगड्या आणि डाव्यात मागच्या, अशी अर्धी अर्धी चित्रं असतात. ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडून प्रत्येक बरगडी पूर्ण करून घ्यायची. पण रेषेवर कापू नका. त्या रेषा फळ्या ठोकण्याआधीच्या सांगाड्याच्या असतात. खऱ्या जहाजाची फळी चार इंच जाड धरली तर १:६४ ला ती १.६ मिलिमीटर होते. आपण दीड मिलिमीटरचा एक थर आणि त्यावर ०.६ चा दुसरा देतो, म्हणजे २.१. हा अर्धा मिलिमीटर बरगडीतून आधीच वजा करा, नाहीतर जहाज सुजल्यासारखं दिसतं.

लाकूड घेताना भावनेत वाहू नका. मूळ जहाज सागाचं म्हणून मॉडेलही सागाचं करावं असं वाटतंच. पण सागाची छिद्रं मोठी असतात. ०.३ मिलिमीटरचं एक छिद्र या प्रमाणात पाऊण इंचाचं भोक होतं. सागाचे तुकडे बैठकीसाठी ठेवा. बरगड्यांना चांगलं प्लायवुड, फळ्यांना हळदूसारखं घट्ट, बारीक पोताचं लाकूड. टिंबर मार्केटमधून एकाच ओंडक्याच्या पट्ट्या कापून आणा आणि लागतील त्याच्या सव्वापट आणा, कारण दुसऱ्यांदा तोच रंग मिळत नाही.

हत्यारांसाठी सुतारापेक्षा सोनाराच्या सामानाचं दुकान गाठा. बारीक करवत, अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल, चिमटे, आणि तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी. बांबूची काडी तिच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढत गेलं की फळ्यांना ठोकायच्या लाकडी खुंट्या तयार होतात. बाकी बारीक मापाचा व्हर्नियर, १२० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर, फेविकॉल आणि कपड्यांचे चिमटे तीन डझन. दोन डझन पुरत नाहीत. तळाला तांबं लावायचं असेल तर खरे पत्रे चार फूट बाय चौदा इंचांचे, म्हणजे आपल्या मॉडेलवर १९ बाय साडेपाच मिलिमीटर. तांब्याच्या चिकटपट्टीतून ते कापता येतात. दोरासाठी सुती धागा, मेणातून ओढलेला, म्हणजे त्याची लव बसते. उभ्या डोलकाठ्या धरून ठेवणारा दोर गडद, शिडं ओढणारा फिका.

सांगाडा ज्यावर उभा करायचा तो पाट सपाट हवा. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा माझ्याकडे होता. लाकडी फळी पावसाळ्यात वाकते, कडप्पा वाकत नाही.

पावसाळ्यावरून आठवलं, फळ्या बसवायचं काम दिवाळीनंतर घ्या. जुलैत बसवलेल्या फळ्या जानेवारीत आकसून फटी दाखवतात. फळ्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आलटून पालटून लावायच्या, नाहीतर कणा, म्हणजे जहाजाच्या तळाचा मधला वासा, एका बाजूला पिळतो. तोवर पावसाळ्यात बसून तोफा करा. सगळ्या एकसारख्या व्हायला तेवढे महिने लागतातच.