श्रीलंकेतील पांढरी-पिवळी फुलपाखरे : महा हंगामाच्या तोंडावर बागायतदारांसाठी सल्ला

ऑक्टोबर उजाडला की श्रीलंकेत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरतो, दुपारनंतर गडगडाटासह पाऊस पडू लागतो आणि शेतकरी महा हंगामाच्या, म्हणजे भातशेतीच्या मुख्य हंगामाच्या, मशागतीला लागतो. साधारण याच दिवसांत, आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये यल या दुसऱ्या, लहान हंगामाच्या आधी, पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचे थवे भातखाचरांवरून, रस्त्यांवरून आणि चहाच्या मळ्यांवरून एकाच दिशेने जाताना दिसतात. ही फुलपाखरे श्रीपाद या श्रीलंकेतील पवित्र पर्वताच्या यात्रेला निघाली आहेत, अशी तेथील लोकांची जुनी श्रद्धा आहे. मात्र एवढी फुलपाखरे आली म्हणजे मागोमाग तेवढ्या अळ्या येणार, असा हिशेब करून कोणी फवारणी पंप बाहेर काढत असेल, तर त्याने आधी थांबून झाडांची पाने उलटून पाहावीत, कारण या थव्यांवर केलेली फवारणी पूर्णपणे वाया जाते आणि नुकसान मात्र स्वतःच्याच बागेचे होते.

या थव्यांत मुख्यतः दोन जाती असतात. फिकट पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली जाती म्हणजे कॅटॉप्सिलिया पोमोना. तिच्या अळ्या बहावा (सिंहली भाषेत एहेल) आणि कासोद यांसारख्या झाडांची कोवळी पाने खातात. पांढऱ्या रंगाची जाती म्हणजे ॲपियस अल्बिना. तिच्या अळ्या कोरड्या प्रदेशातील वीरा या जंगली झाडावर वाढतात. भात, भाजीपाला, चहा किंवा नारळ यांपैकी कशालाही या दोन्ही जातींच्या अळ्या तोंड लावत नाहीत. उडत जाणारे प्रौढ फुलपाखरू तर फक्त फुलांतील मध आणि ओल्या मातीतील क्षार शोषते.

तरीही नुवारा एलिया, वेलिमडा आणि बंडारवेला या डोंगराळ भागांत कोबीच्या पानांना भोके पडतात, ती कोण पाडते? बहुतेक वेळा त्यामागे चौकोनी ठिपक्यांचा पतंग असतो. महाराष्ट्रातील कोबी-फुलकोबी उत्पादकांना तो चांगलाच परिचित आहे. हा पतंग जेमतेम बोटाच्या नखाएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा असून दिवसा पानांआड दडून राहतो आणि तिन्हीसांजेनंतर हालचाल करतो. त्यामुळे भर उन्हात उडणारी पांढरी फुलपाखरे शेतकऱ्याच्या नजरेत भरतात, तर खरा गुन्हेगार नजरेआड राहतो. त्याची हिरवी अळी सुमारे एक सेंटिमीटर लांब असते. ती पानाचा वरचा पापुद्रा शाबूत ठेवून खालचा भाग खरवडते आणि धक्का लागताच धाग्याला लोंबकळत खाली येते. ही खूण दिसल्याशिवाय कोबीवर औषध मारू नये.

या किडीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जगभरात तिने एकामागून एक कीटकनाशके पचवली आहेत, त्यामुळे दर आठवड्याला तेच औषध वाढीव मात्रेत मारणे म्हणजे पुढच्या हंगामासाठी अधिक चिवट कीड तयार करणे होय. कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावाव्यात. त्यांपैकी एक ओळ कोबीच्या लागवडीआधी सुमारे पंधरा दिवस आणि दुसरी लागवडीनंतर सुमारे पंचवीस दिवसांनी पेरली, तर मोहरी सतत कोवळी मिळते आणि पतंग अंडी घालण्यासाठी तिकडे वळतात. पाच टक्के निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएंसिस या जिवाणूने युक्त जैविक कीटकनाशक संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे फवारावे. हे जैविक औषध फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते, हे लक्षात घेऊन ते फक्त कोबीच्या ओळींवरच मारावे, कुंपणावर किंवा बांधावरील झुडपांवर त्याचा शिडकावा जाऊ देऊ नये. काढणीनंतर उरलेले गड्डे आणि खालची पाने शेतात कुजत ठेवू नयेत.

कीटकनाशके सर्वस्वी सोडा, असे येथे सुचवायचे नाही. 2021 साली श्रीलंकेत रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर अचानक बंदी आली आणि तीच बंदी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावी लागली. त्या काही महिन्यांत शेतकऱ्यांनी जे सोसले, ते पाहता असा सल्ला देणे अन्यायाचे ठरेल. औषध कोणत्या किडीसाठी, कोणत्या पिकावर आणि कोणत्या वेळी मारायचे, एवढाच प्रश्न आहे.

कोरड्या भागात तरवडाची फुले वाळवून पेयासाठी विकली जातात. तेथे त्याला रणवरा म्हणतात. कॅटॉप्सिलिया पायरँथी या फिकट पांढऱ्या-हिरव्या फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने खातात. ज्या झुडपाची फुले थेट माणसाच्या पेल्यात जाणार आहेत, त्यावर कीटकनाशक मारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पाने खाल्ली गेली, तरी झुडूप पावसात पुन्हा फुटते. बहाव्याच्या मोठ्या झाडाचेही तसेच आहे. रोपवाटिकेतील लहान रोपांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रोज सकाळी शेंड्यांवरील कोवळी पाने तपासून हिरव्या अळ्या हाताने वेचाव्यात आणि बांधावरच्या मोठ्या झाडावर सोडाव्यात, किंवा वाफ्यांवर बारीक जाळी घालावी. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत उष्ण हवेत साधारण तीन ते चार आठवडे लागतात, म्हणून फुलपाखरांची गर्दी ओसरल्यावरही महिनाभर लक्ष ठेवावे.

सावलीसाठी लावलेल्या अल्बिझियाच्या (शिरीष वर्गातील झाडाच्या) रोपांवर युरेमा ब्लांडा या लहान पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या घोळक्याने आढळतात आणि त्यांची डोकी काळी असतात. युरेमा हेकॅबीची अळी एकेकटी असते आणि तिचे डोके हिरवे असते, तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. काळ्या डोक्यांचा घोळका दिसल्यास ती डहाळी कापून काढावी, कारण लहान रोपे पूर्ण उघडी पडू शकतात.

आंबा आणि फणसाच्या बागायतदारांनी हळदीकुंकू या फुलपाखराकडे पाहावे. पांढऱ्या पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि तांबडे ठिपके असलेले हे फुलपाखरू बांडगुळाच्या पानांवर अंड्यांचे पुंजके घालते आणि त्याच्या अळ्या बांडगूळच खातात. कोकणात आणि गोव्यातही हेच फुलपाखरू आंब्याच्या बागेत फिरताना दिसते. केवळ अळ्यांच्या भरवशावर बांडगूळ नाहीसे होत नाही, म्हणून फळझाडावरील बांडगूळ फळे धरण्याआधी, चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह कापावे. नाहीतर फुलटोच्या पक्षी त्याचे चिकट बी शेजारच्या झाडावर नेतो. बागेबाहेरच्या जंगली झाडावर एखादे बांडगूळ राहिले, तर ते तसेच असू द्यावे.

बांधावर वायवर्णा लावल्यास शुभ्र पांढऱ्या आणि नारिंगी टोकाच्या जातींना अन्न मिळते, आणि वीरा असल्यास ते तोडू नये, ही दोन्ही झाडे पिकाच्या आड येत नाहीत.

थवे साधारणतः उन्हात उडतात, म्हणून आवश्यक फवारणी संध्याकाळी करावी. ओढ्याकाठच्या किंवा विहिरीजवळच्या ओल्या चिखलावर नर फुलपाखरे क्षारांसाठी दाटीने बसतात, म्हणून पंप आणि बादल्या धुतलेले पाणी तेथे किंवा ओढ्यात ओतू नये. ते, मात्रेची मर्यादा न ओलांडता, औषध मारलेल्या त्याच पिकावर फवारून संपवावे.