आडत दुकानाची माहिती प्रणाली आखताना

मराठवाड्यातील एखाद्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकानासाठी (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानासाठी) संगणक प्रणाली तयार करावयाची असेल, तर संगणकाच्या पडद्यांचा विचार बाजूला ठेवून आधी सोयाबीनच्या एका कट्ट्याच्या, म्हणजे पोत्याच्या, मागे चालावे. माल उतरतो, सौदा होतो, मापाडी वजन करतो, हमाल थप्पी लावतात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. या प्रत्येक टप्प्यावर कोण काय लिहितो, ते कोणाकडे जाते आणि कोठे पडून राहते, हे बाण काढून मांडले की डेटा प्रवाह आकृती तयार होते.

मालकाशी बोलावेच, पण वह्या मुनिमाजवळ बसून चाळाव्यात. एका दुकानात काही नावांपुढची लाल टिंबे मी शाईचे डाग समजलो होतो. ती पेरणीच्या वेळी दिलेल्या उचलीची खूण निघाली, आणि माझ्या आराखड्यात उचलीला जागाच नव्हती.

त्यानंतर, संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या घटक-संबंध आकृतीच्या (कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे दाखवणाऱ्या आकृतीच्या) पद्धतीने शेतकरी, आवक, सौदा, वजन, पट्टी, उचल आणि खरेदीदार हे घटक वेगळे करावेत. नावावरून शेतकरी ओळखू नये; एकाच गावात एकाच नावाची दोन-तीन माणसे सहज सापडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा. एकच आवक दोन खरेदीदारांत विभागली जाऊ शकते, त्यामुळे सौदा आवकेच्या नोंदीत कोंबू नये.

भाव क्विंटलचा आणि वजन किलोचे, येथे फार जपावे लागते. समजा ३,७६४ किलो मालाला ४,२५० रुपये भाव मिळाला, तर रक्कम १,५९,९७० रुपये होते. प्रणालीने वजन ३७.६ क्विंटल एवढेच साठवले, तर ती १,५९,८०० भरते आणि शेतकऱ्याचे १७० रुपये जातात. हमाली-तोलाईचे दर लागू झाल्याच्या तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, नाहीतर दर बदलताच जुनी पट्टी पुन्हा छापली असता तिच्यावर नवाच आकडा येतो.

दिवाळीच्या तोंडावर आवक जोरात असताना प्रणाली सुरू करू नये. उन्हाळ्यात वही आणि संगणक महिनाभर सोबत चालवावेत, रोज संध्याकाळी दोन्हीकडची रोकड ताडून पाहावी आणि फरक आल्यास वहीच चुकली असे आधीच धरू नये. वीज गेल्यावर हाताने फाडलेल्या पट्ट्यांना वेगळी क्रमांकमालिका द्यावी, म्हणजे मागाहून भरताना एकच पट्टी दोनदा चढत नाही.