जुन्या सी-१० ट्रकला मनासारखा आवाज कसा द्यावा: सायलेन्सर आणि एक्झॉस्टची निवड

मफलर म्हटलं की मराठी माणसाचा हात आधी गळ्याकडे जातो. अमेरिकेतल्या पार्ट्सच्या कॅटलॉगमध्ये मात्र मफलर म्हणजे आपला सायलेन्सर, आणि या लेखात त्याला सायलेन्सरच म्हणू. उदाहरण म्हणून १९६७ ते १९७२ दरम्यानचा शेवरोले सी-१० पिकअप घेतला आहे, ३५० क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनाचा. त्याच काळातल्या फोर्ड एफ-१०० ला यातलं बहुतेक सगळं चालेल, फक्त नळ्या टांगायच्या जागा बदलतील.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आवाज निवडायचा तो उभ्या ट्रकच्या मागे उभं राहून नाही, तर केबिनमध्ये बसून आणि हायवेच्या वेगाला. पार्किंगमध्ये ऐकून जीव टाकावासा वाटणारा सायलेन्सर दोन तासांच्या प्रवासात डोकं उठवतो. फोनवरच्या व्हिडिओंवरही विसंबू नका. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि खालच्या पट्टीतली घरघर जवळजवळ खाऊन टाकतो. त्यामुळे व्हिडिओत सगळे सायलेन्सर सारखेच झकास वाटतात.

१. आधी हायवेचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काढा

ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. ताशी ६५ मैल, ३.७३ चा रेशो, २८ इंची टायर आणि टर्बो ३५० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धरला तर साधारण २,९०० आरपीएम येतात. त्याच ट्रकमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणाऱ्या वरच्या गिअरचा, ७००आर४ गिअरबॉक्स बसवला की ०.७० ने गुणायचं, म्हणजे २,०४० च्या आसपास.

हा आकडा का हवा? केबिन म्हणजे पत्र्याचा डबा आहे, आणि १,६०० ते २,३०० आरपीएमच्या पट्ट्यात तो घुमायला लागतो. पेट्रोल वाचवायला ओव्हरड्राइव्ह टाकणारे नेमके या पट्ट्यात येऊन बसतात आणि मग नव्या सायलेन्सरला शिव्या घालतात. तुमचा आकडा या पट्ट्यात येत असेल तर सायलेन्सर एक पायरी शांत घ्या.

२. व्ही-८ ची गुरगुर कुठून येते

आपलं ३५० ज्या घराण्यातलं, त्या स्मॉल ब्लॉक शेवरोले इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८ हे सिलिंडर. क्रम नीट पाहिला तर डावीकडचे ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, उजवीकडचे ८ आणि ४ लागोपाठ पेटतात. म्हणजे एका बाजूच्या नळीतून बाहेर पडणारे ठोके सारख्या अंतराने येत नाहीत. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या फिरण्यात मोजलं तर कधी ९० अंशांनी, कधी १८०, कधी २७०. जुन्या अमेरिकन ट्रकची गुरगुर म्हणजे हा लंगडा ताल.

दोन्ही बाजूंच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या तर हा ताल सर्वांत उघडा ऐकू येतो. वाय नळीने दोन्ही बाजू एका ३ इंची नळीत आणल्या की ठोके सलग होतात आणि आवाज गुळगुळीत होतो. स्वस्तात काम होतं, गुरगुर मात्र बरीचशी जाते.

मधला मार्ग म्हणजे दोन नळ्यांना जोडणारा आडवा तुकडा. त्याचा एच आकार केला तर आवाज खालच्या पट्टीत, भरदार राहतो. एक्स आकारात दोन्ही प्रवाह एकमेकांतून जातात, म्हणून आवाज सपाट आणि थोडा वरच्या पट्टीत जातो, रेसच्या गाडीसारखा. पन्नास वर्षांच्या पिकअपला एच शोभतो. एक्स वाईट नाही, पण तो आवाज या ट्रकच्या तोंडी परका वाटतो.

इंजिन सुरू असताना 'धड-धड-थांब-धड' असा डुलणारा आवाज हवा असेल तर तो सायलेन्सरमधून मिळणार नाही. तो व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टमधून येतो, इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी किती काळ उघडे राहतात यावरून. कंपनीच्या मूळ कॅमवर कोणताही सायलेन्सर लावा, डोलणं येत नाही.

३. मॅनिफोल्ड ठेवायचे की हेडर लावायचे

मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून नळीत सोडणारा ओतीव भाग; हेडर म्हणजे त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी. या ट्रकांवर बोकडाच्या शिंगांसारखे वळलेले ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड असतील तर काढायची घाई करू नका. जाड लोखंड आवाजातला टिणटिणाट गिळतं, गळती क्वचित होते, स्पार्क प्लगच्या वायरी जळत नाहीत. हे मॅनिफोल्ड २ इंच आणि २.५ इंच अशा दोन तोंडांत मिळतात. २.५ वाले शोधा. उजव्या मॅनिफोल्डखाली हीट रायझर नावाची झडप असते, ती हाताने हलवून पाहा. बंद अवस्थेत गंजून अडकली असेल तर उजवी बाजू कोंडते, आवाज दबतो आणि इंजिन विनाकारण तापतं.

हेडर लावायचेच असतील तर साध्या ३५० ला १ पूर्णांक ५/८ इंचाच्या प्राथमिक नळ्या पुरेत. हेडरचा पत्रा पातळ असतो, म्हणून आवाज मोकळा पण धातूचा येतो. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि शंभर-दीडशे मैलांनी आणखी एकदा. हे न केल्यानेच हेडरची गॅस्केट जळतात.

जुने बोल्ट काढण्याआधी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहा. थंड बोल्टवर जोर लावला की तो हेडमध्येच तुटतो, आणि एका संध्याकाळचं काम आठवडाभर चालतं.

४. नळीचा व्यास

मूळ किंवा किंचित सुधारलेल्या इंजिनाला दोन नळ्यांच्या मांडणीत २.२५ इंच पुरतात. ३०० ते ४५० हॉर्सपॉवरला २.५ इंच. त्याच्या वर ३ इंच. मोठी नळी म्हणजे जास्त ताकद हा समज साध्या इंजिनावर खोटा ठरतो. ३ इंची जोडी लावली की आवाज पोकळ होतो, डब्यात बोलल्यासारखा. नळी १६ गेज जाडीची घ्या. अॅल्युमिनियमचा थर दिलेलं स्टील बहुतेकांना पुरतं. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या बर्फाळ राज्यांत असाल तर स्टेनलेस.

५. सायलेन्सर

चेंबरवाला: आत कापूस-फायबर काही नसतं, पत्र्याच्या भिंतींवर ध्वनिलहरी आपटून एकमेकींना मारतात. फ्लोमास्टरचा ४० सिरीज हा याचा सर्वांत ओळखीचा नमुना, १३ इंची पेटी, दोन चेंबर. बाहेरून खणखणीत, ॲक्सिलरेटर दाबला की दणदणीत. केबिनमध्ये घुमण्याची तक्रारही याच्याबद्दलच जास्त. लांब पेटीचा, जास्त चेंबरचा प्रकार रोजच्या वापराला बरा.

ग्लासपॅक: भोकांची सरळ नळी, भोवती काचेचे तंतू, वर लांबट गोल कवच. लाल रंगाचा चेरी बॉम्ब तो हाच. जुन्या काळचा खरखरीत आवाज हवा तर याला पर्याय नाही. लांबीवर सगळं ठरतं: १२ इंची म्हणजे जवळजवळ उघडी नळी, २४ ते ३० इंची माणसाळलेला. सी-१० च्या चेसिसमध्ये लांब ग्लासपॅकला भरपूर जागा आहे, आखूड घेण्याचं कारणच नाही.

टर्बो: आत नळी एस आकारात फिरते. नाव पडलं ते टर्बोचार्जर असलेल्या शेवरोले कॉर्व्हेअरच्या सायलेन्सरवरून, जो हॉट रॉडवाले (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे हौशी) स्वस्तात मिळतो म्हणून उचलत. शांत, खोल, स्वस्त. कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर डोळे झाकून हाच.

सरळ-पार स्टेनलेसचे सायलेन्सर, मॅग्नाफ्लो वगैरे, ग्लासपॅकचेच सुधारलेले भाऊ. आवाज स्वच्छ, टिकतात जास्त, पैसेही जास्त.

ट्रकमध्ये सहा सिलिंडरांचं सरळ इंजिन असेल, २५० किंवा २९२, तर हिशोब वेगळा. तिथे लंगडा ताल नाही. पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांना वेगळे मॅनिफोल्ड लावून दोन लांब ग्लासपॅक दिले की प्रत्येक नळीत २४० अंशांनी सारखा ठोका येतो आणि करकरीत, फाडल्यासारखा आवाज निघतो. अडचण एवढीच की मूळ मॅनिफोल्ड कार्बोरेटरखालचा भाग तापवतो. ती ऊब गेली की थंडीत इंजिन सुरुवातीला अडखळतं.

६. एच नळीची जागा

अंदाजाने ठेवू नका. कलेक्टरपासून (हेडरच्या नळ्या जिथे एकत्र येतात ते तोंड) गिअरबॉक्सच्या मागपर्यंत दोन्ही नळ्यांवर साध्या स्प्रे रंगाचा लांब पट्टा मारा आणि इंजिन तापवून थोडं जोरात चालवा. रंग जिथपर्यंत जळतो आणि पुढे टिकतो, त्या सीमेवर एच बसवा. बहुधा ही जागा कलेक्टरपासून १८ ते २४ इंचांवर निघते. तिथे गिअरबॉक्स आडवा आला तर थोडं मागे सरका. गिअरबॉक्स काढायची वेळ येईल म्हणून आडव्या तुकड्याला फ्लँज (बोल्टने उघडणारा जोड) द्या. वेल्ड करून टाकलेला एच पुढे कापावाच लागतो.

७. बसवणं

सामान: दोन सायलेन्सर, २.५ इंची नळी, मँड्रेलवर (आत साचा घालून, व्यास न बिघडवता) वाकवलेली ४५ आणि ९० अंशांची वळणं, रबरी हँगर किमान सहा, पट्टीचे क्लॅम्प आठ. साध्या दुकानात नळी दाबून वाकवतात. वळणावर ती चपटी होते आणि २.५ ची नळी तिथे २ ची उरते.

ट्रक चाकांवर उभा असतानाच नळ्या मांडा. चेसिस उचलून अॅक्सल लोंबकळत ठेवला तर सगळी अंतरं खोटी येतात. शेवरोलेच्या या ट्रकांत मागे बहुधा कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म असतात, नळीला त्यांच्यामधून वाट काढायची असते. अॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (अॅक्सलला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर उचलून पाहा, वरून जाणारी नळी कुठे घासते का. चेसिस आणि बॉडीपासून किमान १ इंच, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून २ इंच. ट्रक खाली बसवलेला असेल तर गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीजवळ नळी स्पीडब्रेकरला लागते. तिथे नळीसाठी कमान दिलेली क्रॉसमेंबर घ्या.

सगळं आधी क्लॅम्पवर उभं करा आणि आठवडाभर चालवा. आवाज पटला तरच वेल्डिंग.

सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरचं भोक पाडा. जवळच्या फेऱ्यांत आत पाणी साचतं आणि पेटी आतून सडते.

८. शेपटी (नळीचं मागचं टोक) कुठे काढायची

दिसायला बरं म्हणून नळी अॅक्सलच्या आधी, बॉडीखाली संपवणारे खूप. तिचे दोन परिणाम होतात. मागचा हौदा ढोलासारखा वाजतो, आणि धूर फळ्यांच्या फटींतून वर येऊन मागच्या काचेतून आत जातो. या ट्रकांच्या केबिनचा तळ गंजून भोकं पडलेली असणं नेहमीचं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी मागच्या चाकाच्या पुढे संपवू नका. चाकामागून बाजूला किंवा बंपरखालून बाहेर काढा. आधी तळाची भोकं बुजवा, मग आवाजाचा विचार करा.

मूळ पेट्रोल टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. ती काढून मागे चेसिसमध्ये नेली असेल तर नळी आणि टाकी यांच्यात उष्णतेचा पडदा हवाच.

तरीही केबिन घुमत असेल तर

ज्या आरपीएमला घुमतं तो आकडा १५ ने भागा, फायरिंगची हर्ट्झमधली वारंवारता मिळेल. २,०४० ला ती १३६. प्रत्येक नळीवर एक बंद टोकाची आडनळी जोडायची. तिची लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. गरम वायूत, आडनळीपुरता वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर धरला तर ०.७९ मीटर, म्हणजे ३१ इंच येतात. दोन-तीन इंच जास्त लांब कापा, टोपण क्लॅम्पने लावा, ट्रक चालवून ऐका आणि हळूहळू कमी करत जा. अतिउत्साहात आधीच छोटी कापली तर ती नळी गेली.

कायद्याचंही बघा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे, आवाजातून नाही: ६,००० पौंडांखालच्या वाहनांना ९५ डेसिबलची मर्यादा लागू आहे. महाराष्ट्रात बुलेटचे बदललेले सायलेन्सर पोलिस रोडरोलरखाली घालतात, कॅलिफोर्नियात चलन हातात पडतं.

थंड इंजिनावर टिकटिक येते आणि तापल्यावर जाते, अशी तक्रार असेल तर मॅनिफोल्ड किंवा हेडरच्या जोडात गळती आहे. व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलट करून शेपटीतून आत सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट होत असेल तरी आधी हेच तपासा, कार्बोरेटरला हात नंतर.

ग्लासपॅक घेतला असेल तर पहिल्या दिवशीचा आवाज खरा मानू नका. आतले तंतू वापराने जळत, उडत जातात आणि काही महिन्यांत तो नक्कीच मोठा होतो. नवा असताना थोडा मवाळ वाटला तर तो बरोबर निवडला आहे.