सीपॅप रोज लावूनही एएचआय १४ : दोष दाबाचा नव्हता, उशीचा होता

लक्षण असं: रोज सात तास सीपॅप (झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन), तरी सकाळी डोकं जड आणि मशीनवर एएचआय (तासाला श्वास थांबण्याच्या किंवा उथळ होण्याच्या घटना) १२ ते १६. उपचार लागू पडले तर तो ५ च्या खाली हवा.

आधी मास्क बदलला. मग डॉक्टरांनी दाब ९ वरून ११ केला. पोट हवेने फुगलं, आकडा तसाच. तीन महिने वाया गेले.

शेवटी मशीनमधलं मेमरी कार्ड काढलं, त्याचं लॉक लावलं (नाहीतर संगणक त्यावर काहीतरी लिहून ठेवतो) आणि ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. पहिल्यांदा मास्कमधून होणारी हवेची गळती पाहिली: ठीक. मग घटनांचा प्रकार. 'क्लिअर एअरवे' (घसा उघडा असूनही श्वास थांबण्याच्या) जास्त असत्या तर प्रश्न मेंदूकडून येणाऱ्या श्वासाच्या आदेशाचा असू शकला असता, आणि वाढवलेला दाबही त्याला कारण ठरू शकतो. माझ्या जवळपास सगळ्या अडथळ्याच्याच होत्या. पण रात्रभर विखुरलेल्या नाहीत, वीस-तीस मिनिटांचे दाट पुंजके, मध्ये तासन्‌तास शांतता. झोपेची रेम (स्वप्नांची) अवस्था किंवा उताणं झोपणं यानेही पुंजके दिसतात. मी मात्र कुशीवरच झोपतो. संशय हनुवटीवर गेला: ती छातीकडे झुकली की घसा नळी मुडपल्यासारखा बंद होतो, मग दाब कितीही असो.

दोन उशांऐवजी एकच पातळ उशी घेतली, बाकी काही बदललं नाही. चार रात्रींत एएचआय ६. मग डॉक्टरांना विचारून मऊ मानपट्टा लावला: ३ च्या आत. तो आलेख बघून त्यांनीच दाब परत ९ केला.