जलदुर्ग बघायला निघताय? सुट्टी नंतर बघा, आधी तिथी बघा

कोकणातले पाण्यातले किल्ले बघायला बहुतेक जण शनिवार-रविवार धरून निघतात आणि मग अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून भरलेल्या पाण्याकडे बघत बसतात. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर आपलं टाइमटेबल समुद्र ठरवतो. त्याचा हिशोब मात्र सोपा आहे, किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते आणि त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की सुकती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, सकाळी सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. मालवणकडे थोडा फरक पडतो, तिथं स्थानिक होडीवाल्यांना विचारा.

माझ्या मते कुलाब्यासाठी तृतीया ते पंचमी सगळ्यात बेस्ट. उधाणाचा जोर अजून असतो त्यामुळे पाणी चांगलं मागं हटतं आणि ओहोटी सकाळी येते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप ओसरतं खरं पण वेळ पहाटे नाहीतर संध्याकाळी साडेपाचची, अंधारात परतायची रिस्क घेऊ नका. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरेसं उतरतच नाही. ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी वळलं की लगेच निघा, भरती हळू येते असं वाटतं पण मधला सखल भाग आधी भरतो. आत गेल्यावर तटाचे दगड नीट बघा, सांध्यांत चुना नाही, नुसते दगडावर दगड रचलेत, म्हणजे लाटेचं पाणी फटीत शिरून तिचा मार कमी होतो. हे बघितल्याशिवाय परत येऊ नका.

मुरूडच्या पद्मदुर्गावर याच्या उलट गंमत आहे. तिथं दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच उभा आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा! समोरच्या जंजिऱ्याला गर्दी असते, राजापुरीहून शिडाच्या होड्या सुटतात, आत कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव बघायचेच.

सुवर्णदुर्गला हर्णैहून होडी ठरवावी लागते. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती दोन्ही दरवाजातच आहेत, आत रान माजलेलं असतं म्हणून फुल पँट आणि बूट घाला. हर्णै बंदरावरूनही किल्ला मस्त दिसतो.

सिंधुदुर्गचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं आणि १६६७ ला पुरं झालं. मालवणच्या होडीतून जाताना दरवाजा शोधायचा प्रयत्न करा, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. शिवराजेश्वर मंदिरात चप्पल काढून शांतपणे जा, सेल्फी नंतर.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जिद्दीने कुणा मच्छीमाराला पैसे देऊन निघू नका प्लीज. त्या दिवसांत विजयदुर्ग करा, जमिनीवरून आत जाता येतं आणि तिहेरी तटबंदी पावसात बघायला फार सुंदर दिसते. शिलाहारांच्या काळातला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं होता, १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. हा किल्ला आणि सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेत, त्यामुळे आता भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना आपणच तिथल्या तिथं टोकलं पाहिजे.

आणि होडीत बसण्याआधीच परतीची वेळ ठरवून घ्या, कारण काही ठिकाणी किल्ल्यावर तासभरच थांबू देतात आणि एवढ्या वेळात सिंधुदुर्गचा तट फिरून होत नाही.