पेडल स्टीलच्या जुन्या व्हॉल्यूम पेडलचा पॉट बदलताना

साध्या गिटारचं व्हॉल्यूमचं बटण एकदा लावलं की वाजवणारा त्याला फारसा हात लावत नाही. पेडल स्टीलवर, म्हणजे आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर, मात्र उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर सतत हलता असतो. तार छेडल्यावर सूर विरत जातो, तसतसा पाय आवाज चढवून त्याला धरून ठेवतो. त्यामुळे पॉटमधला, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागातला, कार्बनचा पट्टा झिजतो आणि खरखर सुरू होते. क्लीनरच्या फवाऱ्याने ती काही दिवस थांबते, पण आतलं ग्रीसही धुऊन जातं. मग पॉट बदलायचाच. गुडरिच कंपनीच्या पेडलसारख्या दोरीवाल्या पेडलमध्ये, जिथे दोरी पॉटच्या दांड्यावरची पुली फिरवते, हे काम कठीण नाही. फसतं ते दोरीपाशी.

५०० किलोओहमचा लॉग पॉट घ्या, म्हणजे कानाला आवाज एकसारखा चढत जाणारा. त्यावर बहुधा ए५००के छापलेलं असतं. बी म्हणजे लिनियर, तो नको. परवडत असेल तर बंद कवचाचा २ वॅटचा घ्या, तो जास्त टिकतो. दांडा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमीचा हवा. ६ मिमीच्या दांड्यावर पुलीचा स्क्रू आवळला की पुली एका बाजूला सरकते आणि दोरी कधी ताणते, कधी ढिली पडते.

काही सोडण्याआधी दोरीचे वेढे कोणत्या दिशेने आहेत त्याचा फोटो काढाच. दोरी विरलेली असेल तर तीही बदला: विणलेली, न ताणणारी. नायलॉनची एकपदरी तार ताणते आणि घसरते.

दांडा आपल्याकडे, पाय (तारा जोडायच्या तीन पट्ट्या) खाली असा पॉट धरला तर डावा पाय ग्राउंड, मधला अँपकडच्या जॅकला, उजवा गिटारकडच्या जॅकला. सोल्डर झटपट करा. पाय फार तापला तर आतला जोड सैल होतो.

आता टाच पूर्ण दाबा, पॉट शून्याला नेऊन किंचित मागे घ्या आणि पुलीचा स्क्रू आवळा. पुढचा भाग पूर्ण दाबल्यावरही पॉट थोडा फिरायचा उरला पाहिजे. पेडलआधी पॉटच अडला, तर पायाचा सगळा जोर आतल्या अडणीवर येतो. ती तुटते, नाहीतर दोरी तुटते.

आवाज उलटा चालला तर दोरी उलट्या दिशेने गुंडाळा. बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल करू नका: लॉगचा चढ उलटा होतो आणि सगळा आवाज जेमतेम बोटभर हालचालीत येतो.

नव्या पॉटवरही खरखर राहिली तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, अँप चालू असताना, पॉटचा मधला पाय आणि ग्राउंड यांच्यात मोजा. गिटारच्या साध्या पिकअपमधून (तारांचा कंप टिपणाऱ्या भागातून) डीसी येत नाही. काही व्होल्टेज दिसलं तर ते अँपमधून किंवा मधल्या इफेक्टच्या (आवाज बदलणाऱ्या) उपकरणातून गळतंय, आणि दुरुस्ती तिकडे करायची आहे.