नवी सुतारी हत्यारे कामाला लावण्याआधी

नवी पटाशी खोक्यातून काढून थेट लाकडाला लावली, तर ती तंतू कापण्याऐवजी चिरडते. नवा रंधा फळीवर अडखळतो, आणि नव्या टेबल सॉवर (टेबलातून गोल पाते वर येणाऱ्या विजेच्या करवतीवर) चिरलेल्या कडेला काळपट डाग उमटतात. हत्यार वाईट निघाले असे वाटते, पण बहुतेक वेळा त्याची जुळणी अर्धवट असते. कारखान्यात पाते ढोबळच घासलेले असते, गंजू नये म्हणून त्यावर तेल किंवा लॅकर चढवलेले असते, आणि वाहतुकीतल्या धक्क्यांनी बोल्ट सरकलेले असतात. उरलेले काम आपले. ते आधी मोजायची साधने, मग हातहत्यारे, मग यंत्रे या क्रमाने करा. काटकोन तपासायचा गुण्याच चुकीचा असेल, तर त्याच्या भरवशावर केलेली पुढची प्रत्येक जुळणी चुकते.

गुण्या आणि सरळपट्टी

सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवा आणि धारदार सुरीने सुमारे ३०० मिमी लांब रेघ ओढा. गुण्या उलटा करून त्याच कडेवर, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. टोकाला १ मिमी फट दिसली तर गुण्याची चूक ०.५ मिमी आहे, कारण उलटवल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. सरळपट्टीही तशीच तपासायची: रेघ ओढा, पट्टी पालथी करून तीच कड त्या रेघेला लावा, पुन्हा ओढा. रेघांमध्ये मधोमध फट दिसली तर पट्टी वाकडी आहे. दोन्ही साधने परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करा.

पटाशी

सपाट पाठ आणि पुढचा उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. उतार कितीही पाजळला आणि पाठीवर कारखान्यातले ओरखडे तसेच राहिले, तर धार करवतीसारखी दातेरी राहते. म्हणून आधी पाठ.

थिनरने लॅकर पुसा, नाहीतर ते दगडात भरते. धारेजवळच्या २५ मिमी भागाला मार्करची शाई फासा आणि १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्यांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर पाठ पूर्ण टेकवून दहाबारा वेळा घासा. शाई कुठे उरली ते पाहा. मधे उरली असेल तर पाठ किंचित खोल आहे आणि ते चालते. धारेलगतची पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत घासली गेली म्हणजे पुरे. शाई धारेपाशी उरली असेल तर आणखी घासायला हवे. पटाशी दगडावर डुलत असेल तर पाठ फुगीर आहे. ती सपाट करण्यात तासन्‌तास जातात, तेव्हा परत दिलेली बरी. काम लवकर उरकावे म्हणून ८० ग्रिटचा कागद घेऊ नका; त्याचा प्रत्येक खोल ओरखडा पुढच्या दगडांवर काढत बसावे लागते. फारच गरज पडली तर ४०० च्या डायमंड प्लेटपासून सुरुवात करा. १००० नंतर ३००० आणि ८०००. पाठीचे हे काम एकदाच करायचे असते, म्हणून त्यात हात आखडू नका.

उतार साधारण २५ अंशांचा येतो. टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी धार द्या, म्हणजे दर वेळी संपूर्ण उतार घासावा लागत नाही. बाजूंनी आवळणारा चाकाचा साधा जिग (पाते ठरावीक कोनात धरणारे साधन) वापरत असाल, तर जिगपासून पटाशी ४० मिमी बाहेर ठेवल्यावर २५ अंश आणि ३० मिमी ठेवल्यावर ३० अंश मिळतात. रंध्याचे पाते जिगमध्ये वरच्या पातळीवर बसते, त्यामुळे त्याची मापे ५० आणि ३८ मिमी. एका फळकुटावर या अंतरांचे ठोकळे ठोकून ठेवा, पुन्हा मोजायची गरज नाही.

१००० वर घासताना पाठीकडे बोट फिरवा. धारेच्या पूर्ण रुंदीला बारीक खरखर, म्हणजे बर, लागली की पुढच्या दगडावर जा. ती येण्याआधीच दगड बदलणे हे धार न लागण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. शेवटी ८००० वर पाठ सपाट टेकवून ती बर काढा. परीक्षा मऊ लाकडाच्या फळीच्या टोकाच्या छेदावर घ्या: कापलेला भाग गुळगुळीत चमकला पाहिजे. त्यात पांढऱ्या रेषा दिसल्या तर धारेत तेवढ्या खाचा आहेत.

नव्या पटाशीची धार पहिल्या दोनतीन वेळा लवकर तुटू शकते. कारखान्यात घासताना टोकाचे पोलाद तापून बिघडलेले असते. तेवढा भाग झिजला की खालचे चांगले पोलाद लागते. त्यानंतरही तुटत राहिली तर दुसरी धार ३३ ते ३५ अंशांवर न्या.

पाण्याचे दगड मधे खोलगट होतात आणि त्यांवर घासलेली पाठही बिघडते. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत डायमंड प्लेटवर घासा.

रंधा

चार नंबरचा (नेहमीच्या कामाच्या मापाचा) रंधा सुट्टा करून रॉकेलने पुसा. पाते पटाशीसारखेच पाजळा, फक्त दोन्ही कोपरे किंचित गोल करा म्हणजे फळीवर पायऱ्या उठत नाहीत. मग पात्यावर बसणारी टोपी पाहा. दोन्ही स्क्रूने आवळून उजेडाकडे धरा. मधून प्रकाश दिसला तर तिथे ढलप्या अडकणार आणि रंधा सारखा तुंबणार. टोपीची पुढची कड दगडावर, मागचे टोक किंचित खाली धरून, फट मिटेपर्यंत घासा.

टोपीची कड धारेपासून किती मागे ठेवायची यावर रंध्याचे अर्धे यश आहे. जाड ढलप्या काढायला १ मिमी ठीक. उलटसुलट तंतूंच्या लाकडावर ती ०.२ ते ०.४ मिमीवर आणा, म्हणजे ढलपी वर येताच मोडते आणि लाकूड उचकटत नाही. एवढ्या जवळ टोपी असताना रंध्याचे तोंड, म्हणजे पाते बाहेर येण्याची तळातली फट, अरुंद करू नका. दोन्ही एकदम अरुंद असले तर ढलपीला वाट राहत नाही.

तळ तपासताना पाते आत ओढलेले, पण नेहमीइतके आवळलेले असू द्या, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो. पुढचे टोक, तोंडाच्या लगतची पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत असले की पुरे. तोंडापुढचा भाग खोल असेल तरच काचेवर चिकटवलेल्या १२० ग्रिटच्या कागदावर तळ घासा. शेवटी घट्ट मेण लावा. सिलिकॉनचा फवारा नको; तो लाकडात शिरतो आणि पॉलिशवर डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

टेबल सॉ

प्लग काढा. स्विच बंद असणे पुरेसे नाही.

पहिले काम पाते टेबलावरच्या खाचेला समांतर करण्याचे. पाते पूर्ण वर घ्या आणि एका दाताला खूण करा. तो दात पुढे आणून, त्या खाचेत सरकणाऱ्या माइटर गेजला (कोनात कापायच्या आधाराला) पक्क्या बांधलेल्या ठोकळ्याच्या टोकापासूनचे त्याचे अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आता पाते फिरवून तोच दात मागे न्या, माइटर गेजही मागे सरकवा आणि पुन्हा मोजा. तोच दात वापरल्याने पात्याचा स्वतःचा वाकडेपणा मापात येत नाही. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर पाते पेलणाऱ्या सांगाड्याचे बोल्ट सैल करून तो हळूच ठोकत सरकवा. काही यंत्रांत सांगाड्याऐवजी टेबलच सरकवायचे असते, पुस्तिकेत पाहा. बोल्ट आवळल्यावर परत मोजा, कारण आवळतानाच बहुतेकदा सरकते.

मग फेन्स, म्हणजे फळीची कड टेकवायची लांब आडपट्टी, त्याच खाचेला समांतर करा. मागचे टोक पात्यापासून ०.०५ ते ०.१ मिमी दूर गेले तर चालेल, जवळ आलेले मुळीच चालणार नाही. मागे जागा कमी पडली की फळी वर येणाऱ्या दातांवर दाबली जाते. कड जळते ती यामुळेच, आणि फळी वेगाने तुमच्या अंगावर फेकली जाण्याचे हे मोठे कारण आहे.

पात्यामागची रायव्हिंग नाइफ ही धातूची पट्टी हे फेकले जाणे टाळण्यासाठीच असते. ती पात्याच्या तव्यापेक्षा (दातांखालच्या चकतीपेक्षा) जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. पात्यावर दातांची रुंदी २.८ आणि तव्याची जाडी १.८ मिमी अशी मापे कोरली असतील तर २.२ ते २.५ मिमीची पट्टी योग्य. बारीक कापणीचे नवे पाते आणून जुनीच पट्टी ठेवली तर फळी मधेच अडकते. दात आणि पट्टीतले अंतर ३ ते ८ मिमी ठेवा.

तंतूंच्या दिशेने चिरायला २५० मिमीच्या पात्याला २४ दात पुरतात, आडव्या कापणीला ६०. आडव्या कापणीच्या पात्याने जाड फळी चिरली तर भुसा दातांत कोंबला जातो आणि पाते तापते. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत याची खात्री करा. यंत्राला जाड तारेची, आखूड एक्स्टेंशन द्या. बारीक लांब तारेत व्होल्टेज पडते आणि मोटर तापते.

बोट लागताच पाते थांबवणारी यंत्रे आता मिळतात. सॉस्टॉप या कंपनीने ती २००४ मध्ये बाजारात आणली. पात्यावरच्या विद्युत संकेतात बदल होताच ब्रेक सुमारे ५ मिलिसेकंदांत पाते थांबवतो. त्यानंतर ब्रेकची पेटी आणि बहुधा पातेही बदलावे लागते. ओले लाकूड किंवा हातात धरलेली धातूची पट्टी पात्याला लागली तरी ब्रेक सुटू शकतो. फळी फेकली जाणे मात्र हा ब्रेक थांबवत नाही, म्हणून रायव्हिंग नाइफ आणि ढकलकाठी तरीही हवीच. शक्य असेल तर हे यंत्र घ्या. बोटे परत मिळत नाहीत.

बाकीची यंत्रे

ट्रॅक सॉच्या (रुळावरून सरकणाऱ्या विजेच्या करवतीच्या) रुळाला रबरी पट्टी थोडी जास्त रुंद लावलेली असते. खाली रद्दी फळी ठेवून पहिली कापणी रुळाच्या पूर्ण लांबीभर एकाच दमात करा. पट्टी त्या पात्याच्या नेमक्या रेषेवर छाटली जाते. पाते बदलले की नवी रेषा जुन्या पट्टीशी जुळते का ते पाहा.

थिकनेसरमधून (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या यंत्रातून) फळीच्या टोकाचे ५० ते ७५ मिमी जास्त कापले जात असतील, तर फळी आत जाते आणि बाहेर येते त्या दोन्ही बाजूंच्या आधारपाट्यांची बाहेरची टोके टेबलाच्या पातळीपेक्षा किंचित वर करा. कार्बाइडच्या चौकोनी तुकड्यांचे पाते असेल तर तुकडा फिरवताना त्याची बैठक ब्रशने स्वच्छ करा. खाली भुशाचा कण राहिला तर तुकडा उंच बसतो आणि प्रत्येक फळीवर एक रेघ उमटते.

बॅटरीच्या हत्यारांत १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यांत फरक नाही. दोन्हींत पाच सेलची एकेक माळ. पूर्ण चार्ज झाल्यावर ती २१ व्होल्टपर्यंत जाते, कामात सरासरी १८ देते. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून ठेवा.

धूळ

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोगकारक, असे ठरवले आहे. म्हणून धूळ ओढणारे यंत्र पुढच्या खरेदीवर ढकलू नका. सँडर आणि ट्रॅक सॉला बारीक नळीचा, जोरदार ओढीचा व्हॅक्यूम लागतो. थिकनेसरच्या ढलप्यांना कमी ओढ पण खूप हवा लागते, १०० मिमीच्या नळीतून. तिथे व्हॅक्यूम लावला तर नळी मिनिटाभरात तुंबते. व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन (हवा गरगरा फिरवून भुसा वेगळा करणारा डबा) जोडला तर बहुतेक भुसा डब्यात पडतो, फिल्टर मोकळा राहतो आणि ओढ टिकते. सोबत किमान एफएफपी२ दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा) मास्क घाला आणि यंत्र बंद केल्यावर लगेच काढू नका. सर्वांत बारीक धूळ त्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत राहते.